उस्ताद, शागिर्द आणि गणिताची वाट

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित शिकवतो. काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमची एक जुनी विद्यार्थिनी पेढे घेऊन शाळेत आली. गणित विषय घेऊन ती बी.एस्सी. पहिल्या वर्गात पास झाली होती. पेढे वाटून झाल्यावर तिने विचारले, "सर, आता पुढे काय करू?" आम्ही क्षणभरही विचार न करता म्हणालो, "बी.एड. कर, बेटा. नोकरीचं बघता येईल." ती मान हलवून निघाली, पण दारापाशी थांबली आणि म्हणाली, "सर, गणितात संशोधन करतात म्हणजे नेमकं काय करतात? सगळं तर शोधून झालंय ना?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. हाच प्रश्न आम्ही कॉलेजात असताना आमच्या एका प्राध्यापकांना विचारला होता. ते हसून म्हणाले होते, "आधी परीक्षेचं बघ." आम्ही परीक्षेचे बघितले, बी.एड. केले आणि मास्तर झालो. त्याचे दुःख नाही; शिकवणे हे नेक काम आहे. पण तो प्रश्न जसाच्या तसा आमच्या विद्यार्थिनीच्या तोंडून परत आला, तेव्हा आमची मान खाली गेली. एका पिढीचे अज्ञान आम्ही दुसऱ्या पिढीच्या हाती सोपवले होते.

त्या दिवसापासून आम्ही एका गोष्टीचा शोध घेत आहोत. आपल्या देशात विद्यापीठात शिकणारी मुले गणिताच्या संशोधनाकडे कशी वळली? त्यांना कोणी वळवले? या शोधात जो इतिहास आम्हाला सापडला, तो वाचकांपुढे ठेवावा म्हणून हा लेखप्रपंच. त्यात अलीगढ आहे, लाहोर आहे, मद्रास आहे आणि आपली मुंबईही आहे.

अलीगढला आलेला तरुण उस्ताद

सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ साली अलीगढला शिक्षणसंस्था सुरू केली आणि १९२० मध्ये तिचे विद्यापीठ झाले, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. तिथे गणिताला पहिल्यापासून मान होता. डॉ. झियाउद्दीन अहमद हे अलीगढचेच विद्यार्थी. केंब्रिजला जाऊन त्यांनी आयझॅक न्यूटन शिष्यवृत्ती मिळवली आणि पुढे ते विद्यापीठाचे कुलगुरू झाले. परंतु विद्यापीठाच्या पहिल्याच दशकात कारभाराविषयी तक्रारी वाढल्या. १९२७ साली मुंबईचे सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. त्यानंतर, १९२९ मध्ये, कुलगुरूपद सर सय्यद यांचे नातू सय्यद रॉस मसूद यांच्याकडे आले.

रॉस मसूद यापूर्वी हैदराबाद संस्थानात शिक्षण खात्याचे प्रमुख होते. उर्दूतून उच्च शिक्षण देणारे उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये उभे राहिले, त्यात त्यांचा हात होता. आता अलीगढला नवे रक्त आणावे असे त्यांच्या मनात होते. पॅरिसमधील संस्कृतचे पंडित सिल्व्हां लेव्ही यांनी त्यांना एका तरुणाचे नाव सुचवले. त्याचे नाव आंद्रे वेय. आधी फ्रेंच संस्कृतीच्या अध्यासनासाठी विचार होता, तो जमला नाही. मग गणिताच्या जागेसाठी विचारणा झाली. वेय यांनी होकार दिला. १९३० च्या सुरुवातीला ते अलीगढला पोचले आणि गणित विभागाचे प्रमुख झाले, तेव्हा त्यांचे वय होते अवघे तेवीस वर्षे.

तेवीस वर्षांच्या या मुलापाशी असे काय होते? पदवी तर होतीच. परंतु त्याहून मोठी गोष्ट म्हणजे संशोधन कसे चालते हे त्याने जवळून पाहिले होते. पॅरिसला आदामार नावाचे थोर गणितज्ञ एक चर्चासत्र चालवीत. कुणीतरी नुकताच छापून आलेला एखादा निबंध वाचून यायचे, फळ्यापाशी उभे राहून तो समजावून सांगायचे आणि समोर बसलेल्या आदामारांनी त्याला प्रश्न विचारायचे. तिथे तरुण माणूस नुसता श्रोता नसे. नव्या गणितावर बोलण्याचा हक्क त्यालाही असे. आपल्या विद्यापीठांत त्या काळी याच्या नेमके उलट होते. प्राध्यापकाने टिपणे सांगावीत, मुलांनी ती उतरून घ्यावीत आणि परीक्षेत लिहून द्यावीत. मागच्या वर्षी कोणते प्रश्न आले होते यावरून या वर्षी काय वाचायचे ते ठरे. हे वर्णन वाचताना आम्हाला आपलीच शाळा आठवली, हे कबूल केले पाहिजे.

वेय यांनी आधी माणसे जमवली. पहिले टी. विजयराघवन. ते केंब्रिज-ऑक्सफर्डच्या हार्डी यांच्या हाताखाली काम करून आले होते. हार्डी म्हणजे रामानुजनला इंग्लंडला बोलावणारे तेच. दुसरे आपल्या मुलखातले, दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्याच्या कोसबेन गावी १९०७ साली जन्मलेले, बौद्ध धर्माचे पंडित धर्मानंद कोसंबी यांचे चिरंजीव. हार्वर्डची पदवी घेऊन ते १९२९ मध्ये परतले, बनारसला शिकवू लागले आणि १९३१ मध्ये वेय यांच्या बोलावण्यावरून अलीगढला आले. फ्रान्सचा एक यहुदी, मद्रासकडचा एक तमिळ ब्राह्मण, गोव्याचा एक मराठी माणूस आणि त्यांना एका छताखाली आणणारा सर सय्यदांचा नातू! इल्मच्या दरबारात जात विचारली जात नाही, ती अशी.

एक थट्टा आणि तिचा धडा

कोसंबी तेव्हा चोवीस वर्षांचे होते. वेय यांनी त्यांना एक गमतीदार सल्ला दिला. एका ज्येष्ठ सहकाऱ्याची फिरकी घ्यायची होती. म्हणून कोसंबींनी एक निबंध लिहून त्यात 'बूरबाकी' नावाच्या एका अपरिचित रशियन गणितज्ञाचा हवाला द्यावा, असे ठरले. असा गणितज्ञ अस्तित्वातच नव्हता. संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात १९३१ मध्ये हा निबंध छापूनही आला. पुढे १९३४-३५ च्या सुमारास वेय आणि त्यांच्या फ्रेंच मित्रांनी साऱ्या गणिताची नव्याने मांडणी करण्यासाठी मंडळ काढले, तेव्हा त्यांनी हेच काल्पनिक नाव घेतले. आज निकोला बूरबाकी हे नाव जगभरच्या गणितज्ञांना ठाऊक आहे. परंतु गणिताच्या निबंधात ते पहिल्यांदा उमटले ते कोसंबींच्या लेखणीतून.

ही गोष्ट आम्ही केवळ गंमत म्हणून सांगत नाही. वेय यांच्याहून कोसंबी एकाच वर्षाने लहान. तरीही ज्याला वाट माहीत आहे आणि ज्याला ती अजून चालायची आहे, असे नाते त्यांच्यात होते. त्यात भीती नव्हती, थट्टेला जागा होती. जिथे शागिर्द उस्तादासमोर हसू शकतो, तिथेच तो "मला हे समजले नाही" असेही म्हणू शकतो. आणि "मला समजले नाही" हे वाक्य संशोधनाची पहिली पायरी आहे. कोसंबी पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आले आणि नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. भूमितीत, संख्याशास्त्रात, आनुवंशिकीत आणि अखेर भारताच्या इतिहासलेखनात त्यांनी जे काम केले, ते मराठी वाचकांना परिचित आहे.

अलीगढचा हा मेळा मात्र टिकला नाही. विजयराघवन ढाक्याला गेले. विद्यापीठाशी मतभेद होऊन १९३२ मध्ये वेय यांना पदावरून दूर करण्यात आले. त्यानंतर कोसंबीही राहिले नाहीत. जेमतेम दोन वर्षांचा खेळ! पुढे वेय विसाव्या शतकातील सर्वांत मोठ्या गणितज्ञांपैकी एक ठरले. तेवढा काळ ते अलीगढला राहिले असते तर काय झाले असते, असा विचार मनात येतोच. पण 'असते तर' हा इतिहास नव्हे. इतिहास एवढेच सांगतो की माणसे जमवायला एक दूरदृष्टीचा कुलगुरू लागला आणि ती विखुरायला दोन वर्षे पुरली.

लाहोरचा वर्ग

आता लाहोरला जाऊ. तिथल्या गव्हर्नमेंट कॉलेजात १९३६ पासून सर्वदमन चावला गणित विभागाचे प्रमुख होते. त्यांचे वडीलही त्याच कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. चावलांनी केंब्रिजला लिटलवूड यांच्या मार्गदर्शनाखाली १९३१ मध्ये डॉक्टरेट घेतली होती. अलीगढच्या विजयराघवनांशी त्यांची मैत्री होती आणि दोघांनी मिळून लेखनही केले.

चावलांची रीत साधी होती. ते वर्गात सुटलेली गणिते तर सांगतच, पण न सुटलेली किंवा नीट न सुटलेली गणितेही मुलांपुढे ठेवत. अशाच एका गणिताची कथा प्रसिद्ध आहे. रामानुजनने चार समीकरणांचा एक संच सोडवला होता. पहिल्या संख्येचा वर्ग केला की दुसरी संख्या अधिक एक ठराविक संख्या मिळते. दुसरीचा वर्ग केला की तिसरी अधिक तीच ठराविक संख्या. असे करत चौथीवरून पुन्हा पहिलीवर यायचे. दिसायला हे नववी-दहावीच्या मुलाला कळेल असे. परंतु एकेक अज्ञात काढत गेले की सोळाव्या घाताचे समीकरण समोर उभे राहते आणि भल्याभल्यांची दमछाक होते. चावलांच्या एका विद्यार्थ्याने याची रामानुजनपेक्षा सोपी रीत शोधून काढली. १९४३ साली ती 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात छापून आली. तो विद्यार्थी होता झंगचा सतरा वर्षांचा अब्दुस सलाम.

येथे थोडे थांबावे असे आम्हाला वाटते. सलाम हुशार होते यात शंका नाही. १९४० च्या मॅट्रिकला ते पंजाबात पहिले आले होते. पण पहिले येणारी मुले तर दरवर्षी असतात. त्यांच्यातल्या किती जणांच्या हाती कोणी रामानुजनचे गणित देतो? किती जणांना कोणी सांगतो की ही सोपी रीत तुझी आहे, ती लिहून काढ, छापायला पाठव? सतरा वर्षांच्या मुलाला स्वतःहून हे सुचत नाही. त्याला असे वाटायला लावणारा माणूस लागतो की छापलेल्या पुस्तकातही त्याला भर घालता येते.

सलाम यांच्याच काळात, एक-दोन वर्षे पुढे, राम प्रकाश बांबा नावाचा आणखी एक विद्यार्थी लाहोरला होता. एम.ए.ला त्याने सहाशेपैकी सहाशे गुण मिळवले. तोही चावलांच्या हाताखाली तयार झाला. दोघांनी मिळून निबंध लिहिले. बांबा आणि सलाम दोघेही केंब्रिजला गेले. सलाम १९४६ मध्ये गेले ते एका योगायोगाने. युद्धासाठी जमवलेला निधी उरला होता आणि त्यातून पंजाबच्या सरकारने लहान शेतकऱ्यांच्या मुलांसाठी परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या काढल्या होत्या. पुढच्याच वर्षी फाळणी झाली आणि ती योजना संपली.

१९४७ मध्ये तो वर्गही संपला. चावलांना लाहोर सोडावे लागले. ते आधी दिल्लीला आले आणि मग अमेरिकेला निघून गेले. बांबा भारतात परतले. चंदीगढच्या पंजाब विद्यापीठात त्यांनी अंकशास्त्राची मोठी परंपरा उभी केली आणि १९८५ मध्ये ते कुलगुरू झाले. सलाम पाकिस्तानचे झाले. एका फळ्यासमोर घडलेली माणसे तीन देशांत वाटली गेली. फाळणीने घरे मोडली, हे आपण ऐकत आलो. तिने वर्गही मोडले, हे फारसे कुणी सांगत नाही.

एकटेपण

१९५१ साली सलाम लाहोरला त्याच कॉलेजात प्राध्यापक म्हणून परतले. त्यांना संशोधन करायचे होते, मुले तयार करायची होती. प्राचार्यांनी त्यांना रिकाम्या वेळासाठी काम सुचवले: वसतिगृह सांभाळा, हिशेब सांभाळा, नाहीतर फुटबॉलचा संघ सांभाळा. सलामांनी फुटबॉल पत्करला. सोबत चर्चा करायला कोणी नाही, नवी नियतकालिके नाहीत. देशात राहायचे की विज्ञानात राहायचे, असा पेच पडला आणि १९५४ मध्ये ते पुन्हा केंब्रिजला गेले.

हे एकटेपण ते विसरले नाहीत. १९६४ मध्ये इटलीतील त्रिएस्ते येथे त्यांच्या प्रयत्नांतून आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकी केंद्र सुरू झाले. गरीब देशांतल्या संशोधकांनी अधूनमधून काही महिने तिथे यावे, ताजे ज्ञान घ्यावे आणि परत आपल्या देशात जाऊन काम करावे, अशी त्यांची योजना होती. आपल्यावर जो पेच आला तो दुसऱ्यावर येऊ नये म्हणून केलेली ही तजवीज. आमच्या मते १९७९ च्या नोबेल पारितोषिकाइतकेच हे त्यांचे मोठे काम.

नोबेल मिळाल्यावर सलामांनी आपल्या एका जुन्या मास्तरांचा शोध घेतला. अनिलेंद्र गांगुली लाहोरच्या सनातन धर्म कॉलेजात गणित शिकवत आणि त्यांनी सलामांना शिकवले होते. फाळणीनंतर ते कलकत्त्याला आले होते. १९८१ मध्ये सलाम कलकत्त्याला त्यांच्या घरी गेले. गांगुली मास्तर वृद्ध होते, अंथरुणाला खिळले होते. सलामांनी आपले नोबेल पदक त्यांच्या हाती दिले. मास्तर म्हणून आम्ही ही गोष्ट जेव्हा जेव्हा आठवतो, तेव्हा आमचे डोळे भरून येतात.

मद्रासचा पाद्री आणि मुंबईची संस्था

संशोधनाला वळवणारा माणूस स्वतः फार मोठा संशोधक असावाच लागतो का? मद्रासच्या लोयोला कॉलेजातील फादर रासीन यांची हकिकत या बाबतीत बोलकी आहे. हे फ्रेंच जेझुइट पाद्री १९३७ साली भारतात आले. पॅरिसला एली कार्तां यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली होती आणि वेय यांच्या मंडळींशी त्यांची ओळख होती. भारतात आल्यावर त्यांनी स्वतः फार संशोधन केले असे नाही. त्यांनी दुसरेच काम केले. विद्यापीठाचा अभ्यासक्रम जुनाट होता, तेव्हा हुशार मुलांच्या हाती ते नवी फ्रेंच पुस्तके देत आणि पदवी झाली की त्यांना योग्य ठिकाणी पाठवत.

योग्य ठिकाण म्हणजे मुंबई. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९४९ मध्ये के. चंद्रशेखरन आले आणि गणिताची शाळा घडू लागली. तेव्हा ही संस्था गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. जगातले नामवंत गणितज्ञ तिथे काही आठवडे येऊन व्याख्याने देत. ती टिपून, नीट समजून, शुद्ध करून पुस्तकरूपाने तयार करण्याची जबाबदारी विशीतल्या विद्यार्थ्यांवर असे. टिपणे तिथेही होती. पण ती परीक्षेसाठी नव्हती. टिपण लिहिता लिहिता विद्यार्थी त्या विषयाचा जाणकार होई. रासीन यांचे दोन विद्यार्थी, एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री, १९५३ मध्ये तिथे दाखल झाले. १९६५ मध्ये दोघांनी मिळून सिद्ध केलेला सिद्धान्त आज त्यांच्याच नावाने जगभर शिकवला जातो.

आणि साखळी कशी जोडली जाते पाहा. हेच नरसिंहन १९९० च्या दशकात सलामांच्या त्रिएस्तेच्या केंद्रात गणित विभागाचे प्रमुख झाले. मद्रासच्या पाद्र्याचा शागिर्द लाहोरच्या चावलांच्या शागिर्दाने उभारलेल्या घरात, गरीब देशांतल्या मुलांना गणिताची वाट दाखवत होता.

आपल्यासाठी

कुणी म्हणेल, प्रतिभा असली की ती आपली वाट काढतेच. रामानुजनला कोणी शिकवले? पण रामानुजनलाही १९१३ मध्ये हार्डींना पत्र लिहावे लागले. आपल्या देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी एकट्याने संख्यांचे नवल शोधले. ६१७४ हा आकडा आज 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखला जातो; पण जगाने त्यांची दखल घेतली तेव्हा त्यांची सारी नोकरी होऊन गेली होती. सोबत मिळाली असती तर त्यांचे आयुष्य किती सुकर झाले असते! उस्तादाविना चालता येते, नाही असे नाही; पण तसे चालणारे हजारांत एक, बाकीचे नऊशे नव्व्याण्णव दारापाशीच थांबतात. आमची विद्यार्थिनी थांबली होती तशी.

भाषेची अडचण पुढे केली जाते. आमची मुले उर्दूतून शिकतात, कॉलेजात गेल्यावर इंग्रजीशी झगडतात, हे खरे आहे. पण उस्मानियात पदवीपर्यंतचे गणित उर्दूतून शिकवले गेले. त्याच विद्यापीठातून बाहेर पडलेले रझिउद्दीन सिद्दीकी जर्मनीतील लाइपझिगला जाऊन डॉक्टर झाले आणि परतून तिथेच शिकवू लागले. आमच्या मते आपल्या मुलांना मुख्य अडचण भाषेची नाही. पुढे वाट आहे हेच कुणी त्यांना सांगत नाही, ही आहे.

वाट आहे. १९९३ पासून गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी प्रशिक्षण शिबिरे भरतात. मुंबई विद्यापीठातील प्रा. कुमारेसन यांनी ती सुरू केली. तिथे टिपणे सांगत नाहीत, मुलांना फळ्यापाशी उभे करून विचार करायला लावतात. पुण्यात श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये स्थापन केलेली भास्कराचार्य प्रतिष्ठान ही संस्था आहे. राष्ट्रीय उच्च गणित मंडळाच्या शिष्यवृत्त्या आहेत. मुंबईत टाटा संस्था आहे, पुण्यात २००६ पासून आयसर आहे. आमच्या किती कॉलेजांच्या सूचनाफलकांवर यांचे पत्रक लागते?

आम्ही वेय नाही, चावला नाही. पण गांगुली मास्तर होता येईल, फादर रासीन होता येईल. मुलाच्या हाती एक न सुटलेले गणित देता येईल आणि "बेटा, पुढचा पत्ता हा" एवढे सांगता येईल.

त्या विद्यार्थिनीला आम्ही नंतर घरी बोलावले. तिचे अब्बाही सोबत आले होते. आम्ही तिला उन्हाळी शिबिराचा अर्ज दिला आणि रामानुजनची ती चार समीकरणे एका कागदावर लिहून दिली. अब्बांनी विचारले, "सर, इससे नौकरी मिलेगी?" आम्ही म्हणालो, "भाईसाहब, मिळेलही. पण आधी तिला सोडवू तर द्या." ती कागदाकडे बघत होती. तिने आमच्याकडे पेन्सिल मागितली.